ओळख म्हणजे वशिला नव्हे

गेल्या गणपतीत आमच्या भाईंदर पूर्वेच्या सोसायटीच्या मांडवात करिअर मार्गदर्शनाचा कार्यक्रम झाला. पाहुणे वेळेवर आले, छान बोलले, मानधन घेतलं नाही, प्रसादाचा शिराही आवडीने खाल्ला. माणूस म्हणून त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती ते जे बोलले त्याविषयी. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : नोकऱ्या भरपूर आहेत, आपल्या मुलांना त्या मागता येत नाहीत. तेव्हा लाज सोडा, रोज पन्नास अर्ज टाका, दिसेल त्या ऑफिसात शिरा, समोरच्याच्या डोळ्यांत बघून इंग्रजीत बोला, स्वतःला विकायला शिका. टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत बसलो होतो. पुढच्या खुर्चीवरचा एक पोरगा शेजारच्याला हळूच म्हणाला, "काय विकायचं ते विक, शेवटी वशिलाच लागतो."

मला या दोघांनाही उत्तर द्यायचं आहे. पाहुण्यांना आणि त्या पोरालाही. वरवर पाहता एकाचं टोक उत्साहाचं आणि दुसऱ्याचं निराशेचं. पण नोकरी कशी मिळते याविषयी दोघांचाही समज एकाच जागी चुकलेला आहे.

हे बोलायचा मला काय अधिकार? इतकाच, की वीसेक वर्षं मी भाईंदरमधल्याच एका छोट्या कारखान्याच्या ऑफिसात हिशेब सांभाळले. माणूस घ्यायची वेळ आली की अर्जांची थप्पी माझ्याच टेबलावर यायची, कारण दुसरं टेबलच नव्हतं. अर्ज कसा लिहावा हे शिकवणारे पुष्कळ भेटतात. तो कसा वाचला जातो, हे सांगणारे कमी.

आधी पाहुण्यांचं पहिलं वाक्य घेऊ. 'नोकऱ्या आहेत, मागता येत नाहीत.' केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या श्रमशक्ती सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील सगळ्यांचा बेकारीचा दर ३.२ टक्के आहे, आणि १५ ते २९ या वयातल्यांचा १०.२ टक्के. म्हणजे तरुणांचा दर तिपटीहून जास्त. आता ही सगळी तरुण मंडळी एकदम बोलण्यात कमी पडते, आणि तिशी ओलांडली की अचानक त्यांना नोकरी मागता येते, असं समजायचं का? संगीतखुर्चीत खुर्च्या दहा आणि मुलं तेरा असतील तर मुलांना जोरात पळायला शिकवून खुर्च्या वाढत नाहीत. तीन जण उभेच राहणार. त्यांना 'तुम्ही नीट पळाला नाहीत' असं सांगणं हा मार्गदर्शनाच्या नावाखाली दिलेला टोमणा आहे. खुर्च्या का वाढत नाहीत हा प्रश्न सरकारला आणि उद्योगाला विचारायचा असतो, मांडवातल्या बावीस वर्षांच्या मुलाला नाही.

तरीही मान्य करतो, की ज्याला आज नोकरी हवी आहे त्याला खुर्च्यांचं अर्थशास्त्र पुरत नाही. त्याला त्याची एक खुर्ची हवी असते. म्हणून मागावं कसं, हा प्रश्न खरा आहे. फक्त 'रोज पन्नास अर्ज' हे त्याचं उत्तर नाही.

पन्नास अर्ज टाकणारा माणूस पन्नास जणांना एकच मजकूर पाठवतो. दुसरं काही शक्यच नसतं. त्यातला एक माझ्या टेबलावर येतो. त्यात लिहिलेलं असतं, की अर्जदार मेहनती आणि प्रामाणिक आहे, संघभावनेने काम करतो, आणि आपल्या गतिमान संस्थेत स्वतःच्या कौशल्यांचा विकास करू इच्छितो. आमची गतिमान संस्था म्हणजे तळमजल्यावरचे दोन गाळे, प्रेसचा दणदणाट आणि पावसाळ्यात दारात रचलेल्या वाळूच्या गोण्या. हा अर्ज आम्हाला लिहिलेलाच नव्हता. तो कोणालाच लिहिलेला नव्हता. आणि जे कोणालाच लिहिलेलं नाही त्याला उत्तर द्यायची जबाबदारीही कोणालाच वाटत नाही. मुलगा घरी बसून मोजतो, दोनशे अर्ज गेले, एकही उत्तर नाही. मग तो ठरवतो की आपल्यातच काहीतरी कमी आहे. पन्नासाचा मंत्र देणाऱ्याला हा हिशेब कधी कोणी विचारत नाही.

भाईंदरचं पोट ज्या धंद्यांवर भरतं त्यांत स्टीलच्या भांड्यांचा धंदा जुना. पत्रा येतो, त्याची सर्कलं कापली जातात, प्रेसवर डायमध्ये ती खोल ओढली जातात, मग काठ, मग पॉलिश, मग पॅकिंग. एका छपराखाली हे सगळं क्वचितच होतं. एका गाळ्यात प्रेस, दुसऱ्यात पॉलिश, तिसऱ्यात डबे भरणं. अशा ठिकाणी एचआर नावाचा विभाग नसतो. जाहिरात नसते. दारावर पुठ्ठ्याचा तुकडा लटकतो, 'हेल्पर पाहिजे', आणि बऱ्याचदा तो लटकायच्या आतच माणूस मिळालेला असतो. हे कायद्यालाही माहीत होतं. १९५९ च्या कायद्याने रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवण्याची सक्ती केली, तीही खासगी क्षेत्रात पंचवीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांवर. आणि कळवलेल्या जागा त्या कार्यालयाच्या यादीतूनच भरा, असं बंधन मात्र घातलं नाही. म्हणजे जागा एका दाराने जाहीर होणार आणि दुसऱ्याच दाराने भरली जाणार, हे गृहीतच होतं. आमचा गाळा तर पंचविसाच्या आतला. त्याला पहिलं दारही नव्हतं.

मग आमच्याकडे माणूस कसा लागायचा? एक उदाहरण देतो. एक मुलगा आला, आयटीआय फिटर. कागदावर चार ओळी होत्या : मी नवघर रोडला राहतो, चालत दहा मिनिटं. सहा महिने प्रेसवर डाय बसवायचं काम केलं आहे. तुमच्या शेजारच्या पॉलिशवाल्यांनी सांगितलं की तुमचा डाय सेटर गावाला गेला की मशीन उभं राहतं. बुधवारी सकाळी येऊन एक डाय बसवून दाखवू का? बस. मेहनती, प्रामाणिक, काही नाही. मालकाने तो कागद दोनदा वाचला. मुलगा बुधवारी आला, डाय बसवला आणि पुढच्या पहिल्या तारखेपासून हजेरीपटावर चढला.

या चार ओळींत काय होतं? माणूस घेताना मालकाला हिरा शोधायचा नसतो, डोकेदुखी टाळायची असते. हा रोज येईल का? पहिल्या पावसात लोकल बंद पडली की गैरहजर राहील का? बोटं सांभाळून काम करील का? तीन महिन्यांत सोडून जाईल का? त्या कागदाने यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं न विचारता दिली होती. शिवाय मालकाची एक अडचण त्याच्याच शब्दांत सांगितली होती. आणि ती सांगता आली, कारण मुलाने आधी शेजारच्या गाळ्यात जाऊन चौकशी केली होती. पन्नास अर्जांना लागतो तेवढाच वेळ त्याने एका दारावर घालवला. यात मी एक पुस्ती जोडीन. एक डाय बसवून दाखवणं ठीक, आठवडाभर फुकट राबवून घेणं ठीक नाही. काम शिकतानाही पैसे मिळण्याची सोय १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने केलेली आहे. तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात आणि त्यांना विद्यावेतन द्यावं लागतं. ज्या मोठ्या कारखान्यात दार किलकिलं करायचं आहे तिथे 'नोकरी आहे का' ऐवजी 'शिकाऊ उमेदवार घेता का' हा प्रश्न पुष्कळदा लवकर आत नेतो.

वेळही बघावी लागते, आणि ती अर्ज पाठवायच्या यंत्राला कळत नाही. जीएसटीचं विवरण साधारण २० तारखेला भरायचं असतं. त्या दिवशी एखाद्या मुलीने 'मला टॅली येतं' म्हणून सीएच्या ऑफिसात नोकरी मागायला जाणं म्हणजे लग्नघरात मुलीच्या बापाकडे उधारी मागणं. तीच मुलगी मे महिन्यात गेली, ३१ जुलैच्या आयकर विवरणांची गर्दी समोर दिसू लागलेली असताना, तर तोच सीए तिला खुर्ची देतो. शाळा जूनच्या आधी शिक्षक शोधतात, दुकानं दसऱ्याच्या आधी. धंद्याची अडचण कोणत्या महिन्यात येते हे ज्याला माहीत आहे त्याला आवाज चढवून बोलावं लागत नाही.

आता आत्मविश्वास आणि इंग्रजी. याविषयी दुसऱ्या गावात बोलणाऱ्यांना मी माफ केलं असतं. मीरा-भाईंदरमध्ये उभं राहून बोलणाऱ्याने २०१६ चा ऑक्टोबर विसरायला नको होता. त्या महिन्याच्या सुरुवातीला ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर रात्री छापे घातले. सातशेहून अधिक कर्मचाऱ्यांना चौकशीसाठी ताब्यात घेतलं, सत्तर जणांना अटक झाली. आरोप असा, की इथे बसून अमेरिकेतल्या लोकांना फोन केले जात, आपण तिथल्या करखात्याचे अधिकारी आहोत असं सांगितलं जाई, आणि अटकेची भीती घालून पैसे उकळले जात. त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकेच्या न्याय खात्याने अशाच कॉल सेंटरांच्या जाळ्यातल्या ६१ व्यक्ती आणि संस्थांवर आरोपपत्र जाहीर केलं.

त्या खुर्च्यांवर कोण बसलं होतं? बहुतेक विशीतली मुलंमुली. कोणाला मित्राने नेलं होतं, कोणी जाहिरात वाचून गेलं होतं. पाहुण्यांनी सांगितलेलं सगळं त्यांच्याकडे होतं. भीड नव्हती. इंग्रजी होतं, तेही परदेशी हेलाचं. समोरच्याला बोलू न देता स्वतःचं म्हणणं गळी उतरवायची कला होती. मुलाखत ते उत्तम पास झाले होते. राहिलं होतं ते एकच. मालक त्यांना प्रश्न विचारत होता तेव्हा त्यांनी मालकाला विचारले नाहीत. आपण नक्की काय विकतो? पगार कोणत्या नावाच्या खात्यातून येणार? नेमणुकीचं पत्र मिळेल का? पीएफ कापला जाईल का? देशातल्या पगारी नोकरदारांपैकी निम्म्याहून अधिक लोकांकडे लेखी करारच नाही, असं तेच श्रमशक्ती सर्वेक्षण सांगतं. म्हणजे विचारायची सवयच नाही. नोकरी मागायला जाणारा याचक आहे असं एकदा मनात ठसलं की प्रश्न विचारणं उद्धटपणा वाटतो. पाहुण्यांनी मुलांना 'स्वतःला विका' म्हणून सांगितलं. विकणाऱ्याने गिऱ्हाईकही पारखावं, हे बाजारात भाजी विकणारी बाईसुद्धा सांगेल.

इथवर पाहुण्यांशी भांडण झालं. आता त्या पुढच्या खुर्चीवरच्या पोराकडे वळतो, कारण त्याचं म्हणणं खोडणं जास्त अवघड आहे. 'शेवटी वशिलाच लागतो.' हे वाक्य हवेतून आलेलं नाही. त्याच्या आजोबांनी ते गिरणीच्या दारात शिकलेलं असू शकतं.

मुंबईच्या गिरण्यांत भरती जॉबर करायचा. आपल्या गावची, आपल्या नात्यातली माणसं आणायची, खात्यात लावायची, आणि त्याबद्दल दस्तुरी घ्यायची. तोच उसने पैसे द्यायचा, तोच खोली बघून द्यायचा, तोच काढून टाकायचा. १९३१ च्या शाही श्रम आयोगाच्या अहवालाने या पद्धतीवर कडक टीका केली. १९३५ पासून गिरणीमालक संघाने बदली कामगारांना कार्डं देऊन जॉबरची पकड ढिली करायचा प्रयत्न केला. तरी रोज सकाळी गिरणीच्या दारात कार्ड घेऊन उभं राहणं आणि आज नाव पुकारलं जाईल का याची वाट बघणं सुटलं नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरातले कामगार बाहेर पडले, आणि त्यानंतरच्या वर्षांत गिरणगाव रिकामं होत गेलं. त्यातली कितीतरी कुटुंबं इकडे सरकली, भाईंदरला, नालासोपाऱ्याला, विरारला. बिऱ्हाडाबरोबर भांडी आली, देव आले, आणि 'आपला माणूस आत असल्याशिवाय काही होत नाही' हा धडाही आला.

तो धडा अर्धा खरा आहे. माणूस लागतो. पण जॉबर एकाच हाताने दोन वेगळ्या गोष्टी करत होता. एक : 'हा माझा माणूस आहे, याला घ्या.' दुसरी : 'हा मला माहीत आहे, साच्यावर याचा हात चांगला आहे, रात्रपाळीला झोपत नाही.' पहिला वशिला, दुसरी ओळख. वशिला म्हणतो, काम बघू नका, माझ्याकडे बघा. ओळख म्हणते, याच्या कामाकडे बघा, मी पाहिलेलं आहे. वशिल्याने लागलेल्या माणसाला मालक सहन करतो. ओळखीने लागलेल्याला तो शोधत असतो. माझ्या टेबलावर दोन्ही प्रकारचे फोन आले आहेत. नगरसेवकाच्या ऑफिसातून आलेला फोन ठेवल्यावर मालक कपाळाला हात लावायचा. पॉलिशवाल्याने दारातून डोकावून 'एक पोरगा आहे, पाठवू का' म्हटलं की मालक हातातला चहा ठेवायचा.

कामगार नाक्यावर सकाळी जाऊन बघा. रंगाऱ्याच्या हातात ब्रश असतो, गवंड्याच्या हातात थापी. बायोडेटा हातात धरूनच ते उभे असतात. तरीही मुकादम येतो तेव्हा ब्रश बघत नाही, चेहरे बघतो. मागच्या खेपेला ज्याने भिंतीला दुसरा हात न सांगता मारला होता, त्याला आधी हाक जाते. बाकीच्यांची मजुरी मग गर्दी बघून ठरते. तो मुकादम त्या रंगाऱ्याचा नातेवाईक नसतो, जातभाई नसतो, कदाचित त्याचं पूर्ण नावही त्याला माहीत नसतं. त्याला त्याचं काम माहीत असतं, एवढंच.

समाजशास्त्रात या गोष्टीचा नामांकित अभ्यास अशाच एका उपनगरात झाला. मार्क ग्रॅनोव्हेटर याने बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात, नुकतीच नोकरी बदललेल्या २८२ जणांकडून माहिती घेतली. निम्म्याहून अधिक, ५६ टक्के जणांना ती नोकरी ओळखीतून मिळाली होती. पण त्या ओळखी कोणाच्या? ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली त्यांतल्या जेमतेम सहाव्या हिश्शालाच ती सांगणारा माणूस नेहमी भेटणारा होता. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्यांकडून कळली. १९७३ च्या त्याच्या निबंधाचं म्हणणं असं, की सख्खे मित्र आणि भाऊबंद आपल्याच तळ्यात पोहतात. आपल्याला जे माहीत आहे तेच त्यांना माहीत असतं. नवी बातमी दुसऱ्या तळ्यातल्या माणसाकडून येते. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्या दोन कोटी सदस्यांवरचा अभ्यास छापून आला. त्यातही फार घट्ट नाही आणि अगदी नावापुरतीही नाही, अशी मधली ओळख नोकरीला सर्वांत उपयोगी ठरली.

आता मीरा-भाईंदरच्या माणसाने आपल्याकडे अशी ओळख नाही म्हणावं? रोज सकाळी त्याच डब्यात, त्याच दारात उभी राहणारी माणसं आठवा. एकजण अंधेरीला सीप्झमध्ये उतरतो, एक बोरिवलीच्या इस्पितळात लॅबमध्ये आहे, एक फोर्टमध्ये सीएकडे, एक बाई दादरला शाळेत. भजन एकत्र, वाढदिवसाचा केक एकत्र, दसऱ्याला डब्याला तोरण एकत्र. ग्रॅनोव्हेटरच्या मापाने ही रोज भेटणारी माणसं, म्हणजे ओळख घट्ट धरावी लागेल. पण तळं बघितलं तर प्रत्येकाचं वेगळं. इतकी वेगवेगळी तळी शेजारी शेजारी उभी राहून तासभर प्रवास करतात, असं सेवायोजन कार्यालय कोणत्या सरकारला उभं करता आलं असतं? आणि तरी वर्षानुवर्षं एकमेकांना चौथी सीट देणाऱ्या दोघांना एकमेकांचं काम एका शब्दापलीकडे माहीत नसतं. 'बँकेत आहे.' 'कंपनीत आहे.' घरी पदवीधर मुलगी वर्षभर बसून आहे हे डब्यात सांगायला बापाला लाज वाटते. क्रिकेटचा स्कोअर सांगायला वाटत नाही.

म्हणून त्या पोराला माझं सांगणं आहे की वशिला शोधू नकोस, आणि तो नाही म्हणून रडूही नकोस. तुझं काम ज्याने पाहिलं आहे असा एक माणूस शोध. त्याला 'माझ्यासाठी बघा काहीतरी' असं म्हणू नकोस. ते फार जड ओझं असतं, माणूस 'बघू' म्हणून खांदा काढून घेतो. त्याला नेमकं विचार : तुमच्याकडे अकाउंट्सला कोण बसतं, त्यांच्याशी दहा मिनिटं बोलायला मिळेल का, तिथे टॅलीशिवाय काय लागतं? या प्रश्नाला उत्तर देताना कोणाचंच काही जात नाही. आणि ज्याने उत्तर दिलं त्याला महिन्याने कळव की पुढे काय झालं. आपल्याकडे काम झालं की पेढे देतात. न झाल्याचं कळवायची पद्धत नाही, आणि तिथेच ओळख तुटते.

जाता जाता आजच्या जॉबरविषयी. प्लेसमेंटची पाटी लावून 'रजिस्ट्रेशन'चे, 'ट्रेनिंग'चे, 'गणवेशा'चे पैसे आधी मागणारा भेटला तर तो दस्तुरीच मागतो आहे असं समजा आणि उठा. मीरा रोडहून आखातात जाणाऱ्यांनी तर दोनदा समजा. परदेशी भरती करणाऱ्या एजंटाला सरकारी नोंदणी लागते, आणि त्याने उमेदवाराकडून घ्यायच्या शुल्काला तीस हजार रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. त्यावर मागणाऱ्याशी घासाघीस करायची नसते.

इतकं सांगून मी थांबलो तर मीही त्या पाहुण्यांचाच थोरला भाऊ ठरेन. कारण नीट चार ओळी लिहिल्या, वेळ साधली, ओळख सांभाळली, तरी काही दारं अर्जावरचं नाव वाचूनच बंद होतात. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, फरक नावाआडनावाचा. हा अभ्यास २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त आला. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश. २०१५ मध्ये मुंबईतल्या एका तरुण एमबीएला एका हिरे निर्यात कंपनीने आम्ही मुस्लिम उमेदवार घेत नाही असं ईमेलने लेखीच कळवलं होतं. त्यावर गुन्हा नोंदला गेला. लेखी कळवलं म्हणून नोंदला गेला. न कळवणारे कितीतरी असतील.

मीरा रोडच्या मुलांना हे मी समजावून सांगायला नको. मुलाखतीत 'कुठे राहता?' हा प्रश्न दोनदा येतो. पहिल्यांदा त्याचा अर्थ असतो, लोकलने वेळेवर याल का? त्याला उत्तर आहे, आणि ते अर्जातच लिहून टाकावं : भाईंदर ते अंधेरी, रोजची सवय, आधीच्या नोकरीत वेळेवर. 'मीरा रोडला कुठे?' असा दुसऱ्यांदा आला की तो प्रवासाविषयीचा नसतो. नया नगर, म्हणजे मीरा रोडची मुस्लिमबहुल वस्ती, असं म्हटल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला अर्ज लिहिण्याच्या कोणत्याही पद्धतीत उत्तर नाही. ते उत्तर घेणाऱ्याने द्यायचं आहे. इथेही एखाद्याची साक्ष कागदापेक्षा पुढे जाते, हे खरं. पण साक्ष द्यायला आतमध्ये तुमच्यासारखं कोणीतरी आधी लागलेलं असावं लागतं, आणि ज्यांना कधी आत घेतलंच नाही त्यांच्यासाठी ओळखही दुसरं कुलूप बनते. न्यूटनमधल्या आकड्यांची ही काळी बाजू पाहुण्यांसारखेच ग्रॅनोव्हेटरचे भक्तही फारशी सांगत नाहीत.

त्यावर माझ्याकडे आहे ते उत्तर लहान आहे, पण गावाच्या आवाक्यातलं आहे. मीरा-भाईंदर १९८५ मध्ये नगरपालिका झालं, २००२ मध्ये महापालिका. २००१ च्या जनगणनेत सव्वापाच लाखांच्या आसपास असलेली वस्ती दहा वर्षांत आठ लाखांच्या पुढे गेली. इतकी माणसं पाळण्यात वाढत नाहीत, ती टेम्पोतून सामान घेऊन येतात. उत्तन-चौकचे कोळी आणि जुने आगरी सोडले तर इथे जवळजवळ प्रत्येक जण कुठून तरी आलेला आहे. गिरगावातून, कोकणातून, मारवाडातून, सौराष्ट्रातून, जौनपूरमधून. ज्याची ओळख मूळ गावाला राहिली आणि नवी इथे बनली नाही, अशांचं हे गाव. प्रत्येकाने आपापल्या मंडळात आपल्याच मुलांना ओळख वाटली तर ती पुन्हा वशिल्याच्याच दिशेने घसरते, कारण तिथे 'याचं काम पाहिलं आहे' याच्या आधी 'हा आपला आहे' येतं.

म्हणून पुढच्या गणपतीला कार्यक्रम वेगळा करू या, असं मी सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितलं आहे. पाहुणे नकोत, माईकही नको. दहा टेबलं मांडायची. आमच्या दोन इमारतींत कोण काय काम करतं याची यादी मी गेल्या महिन्यात दारोदार जाऊन केली : एक नर्स, दोन लॅब टेक्निशियन, एक लोको पायलट, तीन अकाउंट्सवाले, एक डाय मेकर, एक इस्पितळाचा स्टोअरकीपर, शाळेतल्या दोन शिक्षिका, एक वकिलाचा कारकून, एक कुरिअरचा सुपरवायझर. त्यांनी टेबलांवर बसायचं. आपल्या खात्यात माणूस कधी लागतो, काय बघून घेतात, कशामुळे नाकारतात, एवढंच सांगायचं. आणि गेटवर कोणाचंही नाव विचारायचं नाही. शेजारच्या सोसायटीतला, नया नगरातला, गणेश देवल नगरातला, जो येईल तो बसेल.

सेक्रेटरी म्हणाले, "कल्पना चांगली आहे, पण टेबलं कुठून आणायची?" मी म्हटलं, मांडववाल्याकडे पॉलिशवाल्याच्या ओळखीने मिळतील.